पाठीवरचा निळा ठिपका

विद्यापीठात तिच्या माघारी तिला सगळे गोचीडबाई म्हणत आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. माणसाला चिकटून ताप देणाऱ्या या चिमुकल्या किड्यापायी तिने उभी हयात घालवली होती. गवतावरून पांढरं फडकं ओढत हिंडायचं, त्यावर चढलेल्या गोचिडी चिमट्याने वेचायच्या आणि जिथे चार माणसं जमतील तिथे घसा कोरडा करायचा: रानातून आलात की कपडे आधी पिशवीत बंद करा, मगच घरात या. अंगावर गोचीड सापडली तर चिरडू नका, चिकटपट्टीवर लावून आणा.

आणि गेल्या आठवड्यात हीच बाई रानातून घाईघाईने घरी आली आणि कोट पिशवीत घालायचा सोडून दाराशी खुंटीवर अडकवून पळाली. कशासाठी? तर याच विषयावर भाषण द्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी गारठा होता. सासूबाईंनी हाताशी लागला तो कोट अंगात घातला आणि कचरा टाकून आल्या.

चार दिवसांनी सासूबाईंना ताप भरला. मानेला काहीतरी खुपतंय म्हणून त्यांनीच चिमट्याने ओढून काढलं आणि सुनेने शिकवलं होतं तसं पट्टीवर लावून तिच्यापुढे धरलं. ते पाहून सुनेच्या पायाखालची जमीन सरकली.

डॉक्टरांनी रक्त घेतलं, पण अहवाल उद्या मिळणार होता. तिला कुठला धीर? त्या वयात हा ताप कसा उलटतो, हे तिच्याहून जास्त कोणाला माहीत होतं? तिचं लग्न झालं तेव्हा सासरे म्हणाले होते, किडे धरणारी सून नको. तेव्हा सासूबाईच तिच्या बाजूने उभ्या राहिल्या होत्या. आणि आता त्यांच्याच जिवावर बेतलं, तेही हिच्या एका कोटापायी.

पट्टी घेऊन ती तडक प्रयोगशाळेत गेली. सूक्ष्मदर्शकाखाली गोचीड उताणी दिसत होती. पाठ पट्टीला चिकटलेली, पोट वर. जात तीच, वाईटातली वाईट. मग तिने पट्टी उलटी केली आणि पारदर्शक पट्टीतून पाठ पाहिली.

पाठीवर निळ्या रंगाचा ठिपका होता.

हा ठिपका तिनेच दिला होता, बारीक कुंचल्याने. गोचिडी किती लांब जातात हे पाहायला तिच्या गटाने महिन्यापूर्वी ठिपके दिलेल्या गोचिडी रानात सोडल्या होत्या. त्या सगळ्या प्रयोगशाळेत अंड्यापासून वाढवलेल्या, निरोगी सशांच्या रक्तावर पोसलेल्या. गोचिडीला रोग लागतो तो आधी चावलेल्या आजारी जनावराकडून, आणि मोठी झालेली गोचीड एकदाच चावते; हिने तो चावा घेतला सासूबाईंनाच. ती एकटीच हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली.

दुसऱ्या दिवशी अहवालानेही तेच सांगितलं. साधं पडसं होतं, घसा तेवढा लाल.

घरी तिने सासूबाईंच्या उशाशी बसून सगळं सांगितलं, कोटासकट. सासूबाई काढ्याचा कप हातात धरून ऐकत होत्या.

“लोका सांगे ब्रह्मज्ञान,” त्या एवढंच म्हणाल्या आणि पुढचं तिच्यासाठी सोडून दिलं.

“चुकलं माझं, आई. तुम्हाला काही झालं असतं तर मी पुन्हा त्या रानात पाऊल टाकलं नसतं.”

“मग माझ्या दुखण्याचा उपयोग काय?” सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि तिचा हात हातात घेतला. “गोचिडी कुठवर पोचतात ते शोधत होतीस ना? लिही आता. सासूच्या मानेपर्यंत.”