माझ्याकडून पुसून घेतलेलं गाणं

मी एक टेपडेक बोलतोय. रागानं बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो. आवाजात खरखर वाटली तर धुळीला दोष देऊ नका.

माझ्या अंगावर कुठल्याही कंपनीचा शिक्का नाही. बारामतीत महिपती नावाच्या मेकॅनिकनं पुण्याहून सुटे भाग आणून मला जोडलं. प्लायवूडची पेटी, वरून तपकिरी सनमायका, आणि पुढं दोन कॅसेटींची दोन दारं. डाव्या दारातली कॅसेट नुसती वाजायची. उजव्या दारातली वाजायची आणि भरताही यायची. एका कॅसेटवरचं दुसरीवर उतरवायचं असेल तर दोन्ही दारं एकदम चालायची. माइक लावायलाही एक भोक होतं.

मला विकत घेतलं भानुदास यांनी. ते भवानीनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये राहायचे. घेतलं ते मात्र मुलीच्या हट्टापायी. करुणा तेव्हा बारामतीच्या कॉलेजात जायची. तिचा थोरला भाऊ सुयश जयंतीच्या मिरवणुकीत साइड ड्रम वाजवायचा. त्यानंच पुण्यातून बहिणीला एक जुनी गिटार आणून दिली होती. भानुदासांनी मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "घे बाई. पण आवाज बेतानं. शेजारी पाळीवरनं आलेली माणसं झोपल्याली असत्यात."

आवाज बेतानं ठेवणं करुणाला कधी जमलं नाही. कॉलेजातल्या पोरांकडून ती इंग्रजी रॉकच्या कॅसेटी आणायची. शब्द निम्मे कळायचे नाहीत. पण ती माझ्यासमोर मांडी घालून बसायची आणि गाणं सुरू झालं की संपेपर्यंत हलायची नाही. संपलं की तेच पुन्हा लावायची, गिटार मांडीवर घ्यायची आणि बोटं दुखेपर्यंत तो सूर शोधत राहायची. मला वाटायचं, आपला जन्म चांगल्या ठिकाणी कारणी लागला.

शेजारच्या क्वार्टरमध्ये मोनाली राहायची. तिला इंग्रजी गाण्यांचं काही कौतुक नव्हतं. ती यायची, दाराला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "करुणे, ह्यो माणूस एवढा का वरडतोय? कुणी मारलंय का त्याला?"

"चिडलाय तो."

"मग आपल्याकडं काय कुणी चिडत न्हाय व्हय?"

त्या बोलण्यातून गाणं जन्माला आलं. शब्द मोनालीचे, सूर करुणाचा, ठेका सुयशचा. कारखान्याचा भोंगा झाला की घराघरातल्या बायकांना उठावं लागायचं. नवऱ्याचा डबा, सासऱ्याचा चहा, पोरांची आंघोळ. गाण्याचं धृपद होतं, "भोंगा झाला, उठ गं बाई, कुणासाठी उठू मी?" मोनाली ते गायची नाही, अंगावर आल्यासारखं विचारायची. तिचा आवाज जाड होता, थोडा फुटका होता. मी आजवर शेकडो आवाज वाजवले. तसा दुसरा भेटला नाही.

मोनालीचं लग्न ठरलं होतं. करमाळ्याच्या बाजूला जायची होती. हळदीच्या आधी एका दुपारी तिघांनी दारं-खिडक्या लावल्या, माइक माझ्या अंगात खुपसला आणि उजव्या दारात कोरी कॅसेट घातली. दोन कडवी झाली आणि नेमका कारखान्याचा भोंगा झाला. खराखुरा, लांबलचक. सुयश थांबणार होता. मोनालीनं हातानंच त्याला वाजवत राहा म्हणून खुणावलं आणि त्या भोंग्याच्या छातीवर चढून एक नवंच कडवं गायली. आधी कुणी बांधलं नव्हतं, कुठं लिहिलं नव्हतं. तिचं तिलाच त्या क्षणी सुचलं. भोंगा संपला, कडवं संपलं, आणि शेवटचं धृपद तिघांनी मिळून घेतलं. करुणाच्या डोळ्यांत पाणी होतं. मोनाली घाम पुसत म्हणाली, "झालं. आता मला कुटंबी पाठवा."

आठवड्यात ती सासरी गेली.

आता दिग्विजयचं सांगतो. करुणाच्याच कॉलेजातला, कोऱ्हाळ्याच्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा. बारामतीत खोली घेऊन राहायचा. मोटारसायकल होती, पुण्याला जाणं-येणं होतं आणि भिंतीला कॅसेटींचं कपाट होतं. त्याच्या खोलीवर मानसिंग आणि आणखी चार-पाच पोरं रोज जमायची आणि रोज एकच वाद घालायची. जगातला सर्वश्रेष्ठ रॉक बँड कोणता? सर्वश्रेष्ठ गाणं कोणतं?

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दिग्विजयला या विषयावर कार्यक्रम करायचा होता. जगातली सर्वश्रेष्ठ दहा गाणी, एका कॅसेटवर, उलट्या क्रमानं. त्याच्याकडचा टेप कंपनीचा होता, पण एकाच दाराचा. म्हणून त्यानं सुयशकडे मला मागितलं. सुयशनं दिलं. उजव्या दारातली कॅसेट काढायची त्याच्या लक्षात राहिली नाही.

त्या खोलीत मी जे भोगलं ते कुठल्या यंत्राच्या वाट्याला येऊ नये. ही पोरं गाणं ऐकत नव्हती, पुरावा म्हणून दाखवत होती. "हे बघ, इथं गिटार ऐक!" की लगेच बटण. "तुझ्या त्या फाटक्या स्वेटरवाल्यांना हे जमेल का?" पुन्हा बटण. पुढं पळव, मागं घे, मधेच थांबव. माझा पट्टा तापायचा, फीत कुंथायची. एकही गाणं शेवटापर्यंत गेलं नाही. एक पक्ष जुन्या इंग्रज पोरांचा, दुसरा लांब केसवाल्यांचा, तिसरा फाटक्या स्वेटरवाल्यांचा. मानसिंग तर भांडून जेवता जेवताच उठून गेला. कोण श्रेष्ठ यावर घसे बसले, आणि एकाच्याही बोटाला गिटारची तार माहीत नव्हती.

सुयश एकदा आला तेव्हा म्हणाला, "आमीबी एक गाणं केलंय, मी आन पोरींनी. त्याच डेकमधी हाय. ऐका की."

दिग्विजय हसला. "अरे, तुमचं जयंतीचं वाजवणं वेगळं आणि रॉक वेगळं."

"ड्रम तर तोच असतो," सुयश म्हणाला.

दिग्विजयनं पुन्हा बटण दाबलं. त्यांचा सातव्या क्रमांकाचा वाद चालला होता.

दोन दिवसांनी यादी ठरली. दिग्विजयनं डाव्या दारात पहिलं गाणं लावलं. उजव्या दारात कॅसेट आहे एवढंच त्यानं पाहिलं. मानसिंग म्हणाला, "त्यावर त्या पोरींचं काहीतरी हाय वाटतं."

"असू दे रे. कोरी आणायला कोण जातंय आता? किरकिर असंल काहीतरी."

आणि त्यानं लाल बटण दाबलं.

ऐका, मला हात नाहीत. मला बटण आतून उचलता येत नाही. फीत माझ्यापुढून सरकत गेली आणि भरायच्या आधी पुसायचं, हे महिपतीनं माझ्या हाडातच घातलेलं होतं. आधी करुणाची गिटार गेली. मग सुयशचा ठेका. मग मोनाली. मग भोंगा, आणि भोंग्यावर चढलेलं ते कडवं. त्या जागी सातासमुद्रापलीकडचा एक बँड येऊन बसला, ज्याला या खोलीतल्या कुणाचं नावही माहीत नव्हतं. त्या बँडचा यात काही दोष नाही. तीही कुणाची तरी चांगली पोरं असतील. पण जगातलं सर्वश्रेष्ठ गाणं कोणतं हे ठरवण्यासाठी भवानीनगरात झालेलं एकुलतं एक गाणं पुसलं, आणि तेही न ऐकता.

करुणाला कळलं तेव्हा ती सुयशला घेऊन एसटीनं तडक खोलीवर आली. मला वाटलं ती रडेल. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"वाजवून तरी बघितलंस का?" तिनं विचारलं.

दिग्विजय ओशाळला, पण खुर्चीवरून उठला नाही. "सॉरी यार. अगं, नवी कॅसेट घेऊन देतो ना. कोरी."

"कोरी कशाला? कोरी तर तू केलीसच."

"पुन्हा म्हणा की. तुमचंच गाणं हाय."

"जिनं म्हटलं ती करमाळ्याला हाय. तिला एस्टीत बसवून आणतोस? तिच्या सासऱ्याला काय सांगशील? तुझी यादी भरायची व्हती म्हणून?"

सुयश मुठी आवळून दारात उभा होता. करुणानं त्याला बाहेर ढकललं. घरी, हे मला मागाहून कळलं, भानुदासांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मारामारी करू नका. पण गप बी बसू नका."

संमेलनाच्या दिवशी मला स्टेजवर मोठ्या स्पीकरांना जोडलं होतं. हॉल भरलेला. दिग्विजय माइकवर छान बोलायचा, हे मान्य करतो. एकेक क्रमांक सांगायचा, गाणं लावायचा, अर्ध्यात तोडायचा. पोरं शिट्ट्या मारत होती. पहिला क्रमांक झाल्यावर तो हात पसरून म्हणाला, "ही जगातली सर्वश्रेष्ठ दहा गाणी! कुणाची हरकत असेल तर स्टेजवर यावं."

करुणा उठली. गिटार घेऊनच आली होती. मागून सुयश ड्रम गळ्यात अडकवून आला.

तिनं माइक खाली ओढला. "या कॅसेटवर आधी आमचं गाणं होतं. ते पुसून ही यादी भरलीय. माझा आवाज चांगला नाही. ज्या मुलीचा चांगला होता ती इथं नाही. तरी ऐका."

ती गायली. खरंच तिचा आवाज चांगला नव्हता. धृपदाला चिरकला, पुढच्या रांगेतून कुणी हसलं. ती थांबली नाही. दुसरं कडवं संपलं, आणि तिथं ती गप्प झाली. तिसरं कडवं तिला येत नव्हतं. कुणालाच येत नव्हतं. ते एकदाच गायलं गेलं होतं. सुयशला कळलं. त्यानं हात थांबवला नाही. पूर्ण एक कडवंभर नुसता ड्रम वाजत राहिला आणि करुणा माइकसमोर तोंड मिटून उभी राहिली. हसणारे हसायचे थांबले. बायकांच्या बाजूला कुणीतरी "पुढं?" असं म्हणालं. मग तिनं शेवटचं धृपद घेतलं, अंगातला सगळा राग काढून.

तुम्ही म्हणाल, तुला तरी ते कडवं आठवत असेल. हो, आठवतं मला. शब्द न् शब्द. पण तुम्हाला सांगणार नाही. ते मोनालीचं आहे, आणि तुम्हीही त्याला क्रमांक द्याल.

टाळ्या पडल्या. कुठं जोरात, कुठं जेमतेम. खाली उतरताना दिग्विजय आडवा आला. तो खरोखर हललेला होता, आणि तरीही त्याच्या तोंडून काय निघालं? "मस्त होतं करुणा. खरं सांगतो, टॉप ट्वेंटीत बसेल."

सुयशनं ड्रमचं टिपरू उगारलं. करुणानं त्याचं मनगट धरलं आणि दिग्विजयकडे पाहत म्हणाली, "तुला अजून ऐकूच आलं न्हाय." दोघांनी मला उचललं आणि घरी आणलं.

नागपंचमीला मोनाली माहेरी आली. मेंदी वाळायच्या आतच करुणानं तिला सगळं सांगितलं. पुसलेलं, स्टेजवरचं, त्या गप्प कडव्याचं. मला वाटलं मोनाली तिच्या गळ्यात पडेल. ती भडकली.

"म्हंजे माझ्या जागंवर तू गप हुबी राहिलीस?"

"मग काय करू? तुझं कडवं कुणाला येतंय? तुला येतंय का?"

मोनालीनं डोळे मिटले, ओठ हलवले. नाही आलं. "गेलं ते," ती म्हणाली. "पण गप राहायचं नव्हतं. तिकडं समदी मला गपच बस म्हणत्यात. तूबी माझ्या नावानं गपच बसलीस?"

"ती जागा तुझी म्हणून मोकळी ठेवायची, असं मला वाटलं."

"माझी हाय ना? मग मी भरते. लाव त्यो डेक."

करुणानं खोलीचं दार लावलं आणि माझ्या उजव्या दारात कोरी कॅसेट घातली. सुयश ड्रम घेऊन आला. मोनालीनं हातातल्या हिरव्या बांगड्या वर सरकवल्या आणि तिसऱ्या कडव्याला माइकवर तुटून पडली:

"घर बदललं, भोंगा गेला,
हितं कोंबडा आरवतो,
कोंबड्यालाबी वाटतंय, मी
त्याच्यासाठीच उठते."

सुयशला हसू आवरेना. मोनाली हसली नाही. पहिल्यापेक्षा बरं की वाईट, हे मला कुणी विचारू नका. हे दुसरं होतं, आणि तिचं होतं. गाणं संपल्यावर करुणानं कॅसेट काढली आणि तिच्या पाठीवरची दोन्ही प्लॅस्टिकची नखं पेनच्या टोकानं मोडून टाकली. ती नखं मोडली की माझं लाल बटण दाबलंच जात नाही.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मी इंदापुरात करुणाच्या घरी आहे. ती शाळेत शिकवते. बाजारात सीडी आली आहे. माझी डावी मोटर गचके खाते, सनमायका कोपऱ्यात सुटला आहे. घरी येणारी माणसं म्हणतात, "मॅडम, हे खोकं भंगारात द्या." द्यावं की नाही ते करुणा ठरवील.

मागच्याच रविवारी तिच्या ओळखीची चार शिकलेली माणसं इथं चहाला बसली होती. सर्वश्रेष्ठ बँड कोणता यावरून जुंपली. चहाच्या कपांवर साय धरली. करुणानं शांतपणे उठून नखं मोडलेली ती कॅसेट माझ्यात घातली. पहिल्या ओळीलाच एकजण म्हणाला, "हे कोण? कुठल्या क्रमांकाचं?"

मला तोंड असतं तर मी त्याला तिथंच सांगितलं असतं. तेव्हा राहिलं ते आता तुम्हाला सांगतो. तुमच्या याद्या तुमच्याजवळ ठेवा. समोर गाणं चाललं असेल, तर ते संपेपर्यंत तोंड बंद ठेवा.