करडईचं तेल

सोमेशचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून मोटारसायकलचं काम संगप्पांच्या गळ्यात पडलं. मुलगा खुर्चीत बसून सांगतोय आणि बाप मुकाट्याने स्क्रू फिरवतोय, असा सगळा उलटा कारभार अंगणात चालला होता. एरवी संगप्पा कुणाचं ऐकणाऱ्यातले नव्हते. आजही ऐकत होते ते नाइलाजानं.

गाडीची रेस अडकत होती. मूठ पिळली की तिथंच राहायची, सोडली तरी मागे यायची नाही. अपघातानंतर गाडी भिंतीला लावून ठेवलेली होती, तिला कुणी हात लावला नव्हता. पडल्यामुळं रेसची वायर कुठंतरी दबली असेल, असं सोमेश म्हणाला. संगप्पांनाही तसंच वाटलं.

अपघात वळसंगच्या रानातून परतताना झाला होता. सोमेशची पाच वर्षांची लेक पायल पुढं टाकीवर बसलेली. कुंभारी गावाजवळ शेळ्या आडव्या आल्या, सोमेशनं ब्रेक दाबला, पण गाडी नुसती गुरगुरत पुढं गेली आणि दोघं खड्ड्यात पडले. सोमेशचं मनगट मोडलं, पोरीच्या हनुवटीला टाके पडले. रेस सुटलीच नाही, असं तो दवाखान्यात कळवळून सांगत होता. संगप्पांनी ते उडवून लावलं. गाडीवर बसला की याच्या अंगात वारं शिरतं, लेकराचा जीव घेतला असता, असं ते आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत सुटले, आणि तेही पायलच्या देखत. शेवटी सोमेशलाच वाटायला लागलं, की घाबरून आपल्याच हातानं मूठ पिळली असेल.

पायल तेव्हापासून बापाजवळ जात नव्हती. त्यानं हाक मारली की अज्जाचं, म्हणजे संगप्पांचं, धोतर धरायची. जेवण अज्जाच्या ताटात, झोप अज्जाच्या कुशीत. खोटं कशाला सांगा, संगप्पांना हे मनातून आवडत होतं. बायको मल्लव्वा गेल्यापासून त्यांना इतकं कुणी बिलगलं नव्हतं.

मुठीजवळचे स्क्रू निघाले. संगप्पांनी वायरचं टोक सोडवलं आणि आवरणातून तार ओढली. ती सहज येईना. जोर लावल्यावर निघाली, पण अंगभर पिवळट चिकटा घेऊन.

"ग्रीस वाळलंय जणू," सोमेश म्हणाला.

संगप्पांनी बोट नाकाला लावलं. ग्रीस नव्हतं ते. तळणाच्या जुन्या कढईला येतो तसला खवट वास होता, आणि तो त्यांच्या ओळखीचा होता. खंडेनवमीला त्यांनी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, आणि विळ्या-कुऱ्हाडीला तेल लावता लावता तिच्या तारेतही ओतलं. घरच्या करडईचं, घाण्यावरून काढून आणलेलं. त्या दिवशी मूठ लोण्यासारखी फिरली होती, म्हणून पुढं दोन-तीनदा त्यांनी हौसेनं आणखी घातलं. हे तेल वाळलं की डिंकासारखं धरतं, हे त्यांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही. मल्लव्वाच्या शिलाई मशीनचा त्यांनी असाच एकदा दगड केला होता, आणि ती कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलली नव्हती.

सोमेशला काही कळलं नव्हतं. पेट्रोलची बाटली हाताशीच होती. संगप्पांनी घाईघाईनं तार धुतली, आवरणात पेट्रोल सोडलं, चिकटा मातीत वाहून गेला. मग प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा वायरच्या तोंडाला दोऱ्यानं बांधला आणि त्यातून इंजिन ऑइल थेंबथेंब उतरू दिलं. सगळं जोडून, टाकी पुसून मूठ पिळली, सोडली. टक्कन मागे आली. हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहिलं, तरी कुठं अडकली नाही.

काम फत्ते झालं होतं आणि बोलायची काही गरज उरली नव्हती. संगप्पांना स्वतःचीच लाज वाटली, पण तोंड उघडेना.

"अप्पा, गाडी इकून टाकू," सोमेश खाली बघत म्हणाला. "माज्या हाताचा मलाच भरवसा न्हाय. पोरीला परत बसवायची माजी छाती हुईना."

दारात पायल उभी होती. आईनं, सिद्धेश्वरीनं, तिला जेवायला बोलवायला पाठवलं होतं. संगप्पांनी तिच्याकडं पाहिलं. आत्ता गप्प बसलो तर ही जन्मभर बापाला भिईल, हे त्यांना लख्ख कळलं.

"तुजा हात चुकला न्हाय," ते म्हणाले. "तारंत करडईचं तेल मीच घातलं हुतं. ते वाळून रेस अडकली. पडायच्या आदीच अडकत असनार."

सोमेश चिडला असता तर बरं झालं असतं. पण त्याचे डोळे भरून आले.

पायलला तेलाचं काही समजलं नसावं. पण कुणाचं चुकलं, तेवढं समजलं.

"मग अज्जा, तुमी पप्पांना का बोलत हुता?"

"हिकडं ये," म्हणून संगप्पांनी हात पुढं केला, तर ती एक पाऊल मागं सरली. मग खुर्चीपाशी जाऊन तिनं बापाचा डावा हात धरला.

याच्यासाठीच तर संगप्पा बोलले होते. तरी त्यांना ते बघवेना. ते वळले आणि कापडानं पुसलेलीच टाकी पुन्हा पुसत राहिले.