डावा डोळा

गोरक्षने स्टिअरिंगशेजारचं बटण दाबलं. गाडीच्या नाकाडावरचं उजवं झाकण घूंऽ करत उघडलं आणि गोल दिवा वर आला. डावं झाकण होतं तिथेच राहिलं.

"नाय उघडला," ओट्यावरून लंकाबाई म्हणाल्या. त्या ताटात मटकी निवडत होत्या, आणि त्यांच्या आवाजात दुःखाचा लवलेशही नव्हता.

"दिसतंय मला, आई."

"तुला दिसतंय ते बरंच हाय की."

त्याने बटण पुन्हा दाबलं, उजवा दिवा आत गेला, झाकण बसलं, आणि गाडी परत दोन्ही डोळे मिटून अंगणात पडून राहिली.

ती लाल रंगाची जुनी जपानी माझदा होती. दोनच माणसांची, छत मागे घडी होऊन जाणारी, जमिनीला इतकी लागून की म्हसरूळच्या त्या गल्लीत तिच्या शेजारी रिक्षासुद्धा उंच वाटावी. दिवस असला की तिचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असत, लावले की वर येत. दिंडोरीच्या चिमाजी बागाईतदारांच्या मुलाने ती कधीकाळी परदेशातून आणली होती. मुलगा पुन्हा परदेशी गेला तो तिकडचाच झाला, आणि गाडी द्राक्षबागेतल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली राहिली. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. गोरक्षचं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याचं दुकान दिंडोरी रोडला, चिमाजींच्या पाण्याच्या मोटरी वर्षानुवर्षं तोच भरायचा. एकदा मोटर पोचवायला गेला आणि ताडपत्री उचलून बघता बघता तासभर तिथेच उभा राहिला. चिमाजी म्हणाले, घेऊन जा बाबा, माझ्या कोंबड्यांची सोय मी दुसरीकडे करतो.

टेम्पोतून गाडी उतरली त्या दिवशी गोरक्षने हौसेने बॅटरी जोडून आईला दिवे दाखवायला बोलावलं. उजवा उघडला, डावा नाही. लंकाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांचाही डावाच डोळा मोतीबिंदूने पांढुरका झाला होता.

"ही तर माझीच बहीण हाय," त्या म्हणाल्या.

"तिचा मी अर्ध्या तासात उघडतो. तुझा कधी?"

"हिचा उघड आधी. ज्या दिवशी हिचा उघडंल, त्या दिवशी माझा बी उघडू."

आयुष्यभर मोटरी भरणाऱ्या माणसाला दिवा उचलणाऱ्या मुठीएवढ्या मोटरीचं काय कौतुक? गोरक्षने शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर छाती पुढे काढून हो म्हटलं. तिथेच तो फसला.

त्यानंतर गाडीचं बाकी सगळं होत गेलं. इंजिन सुरू झालं, ब्रेक लागू लागले, सीटवर नवं कापड चढलं, ते संजनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, घरच्या शिलाई मशीनवर शिवलं. छताची फाटकी प्लॅस्टिकची काच बदलली. डावा डोळा मात्र हटून बसला. गोरक्षने मोटर काढून दोनदा नव्याने भरली. टेबलावर ती भिंगरीसारखी फिरे, गाडीत बसवली की मूग गिळून बसे. वायर बदलली, रिले बदलला, दिल्लीहून दुसरी मोटर मागवली ती भलत्याच मॉडेलची निघाली. एकदा मात्र झाकण जरासं थरथरलं.

"लवला," लंकाबाई ओट्यावरून म्हणाल्या. "बाईमाणसाचा डावा डोळा लवला की चांगलं असतं."

पण लवला तेवढाच. पुढे काही नाही.

गंमत गंमत म्हणून चाललेली ही गोष्ट आता गंमत राहिली नव्हती. डॉक्टर तेजस्विनीबाईंनी मागच्या आठवड्यात गोरक्षला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, आणखी थांबलात तर डोळ्यावर दाब वाढेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी लंकाबाई ओट्याची शेवटची पायरी चुकल्या. पडल्या नाहीत, खांबाला धरलं, पण संजनाने ते पाहिलं आणि हातातली बादली टाकून ती धावली.

लंकाबाई हट्टी होत्या असं गल्ली म्हणे. खरी गोष्ट अशी की त्या घाबरल्या होत्या. उजवा डोळा त्यांनी फार वर्षांपूर्वी गावाकडच्या एका मोतीबिंदूच्या शिबिरात करून घेतला होता. रांगेत निजवलं, तोंडावर फडकं टाकलं, कोण काय करतंय ते कोणी सांगितलं नाही. डोळा चांगला झाला, सुई ओवण्याइतका चांगला. पण त्या फडक्याखालचा अंधार त्यांच्या मनातून गेला नाही. हे त्यांनी फक्त संजनाला सांगितलं होतं, तेही भाजी निवडताना, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं.

"अहो, ऑपरेशनला सोमवारची वेळ दिलीय डॉक्टरबाईंनी," लंकाबाई ताट घेऊन आत गेल्यावर संजना अंगणात येऊन हळूच म्हणाली. "काय करायचं?"

गोरक्ष बॉनेट उघडून आत वाकला होता. "मोटर लागत नाही त्याला मी काय करू? हात टेकले मी."

"हाताने नाही का उघडत तो?"

"उघडतो की. ही बघ." त्याने मोटरीच्या डोक्यावरची काळी रबरी टोपी काढली. खाली एक गोल घुंडी होती. "मोटर बंद पडली तर वाटेत अडकू नये म्हणून दिलीय. ही फिरवत राहिलं की दिवा वर येतो."

संजना त्या घुंडीकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे.

"मग फिरवा ना."

"आईला फसवू?"

"पायरीवरून पडल्यावर खरं सांगायला जाणार आहात का?"

आईला त्याने शाळेच्या दिवसांत भरपूर शेंड्या लावल्या होत्या, पण त्या पकडल्या गेल्या होत्या सगळ्या. तरी त्याने घुंडी धरली. फिरवता फिरवता बोटं लाल झाली आणि डावा दिवा हळूहळू वर आला. मग आत बसून त्याने बटण दाबलं. उजवा आपला आपण वर आला. बॉनेट लावलं, हात पुसले. दोन्ही डोळे उघडे ठेवून गाडी समोर बघत होती, आणि खोटं का असेना, पण इतकी देखणी दिसत होती की गोरक्ष दोन पावलं मागे सरून तिच्याकडे बघत राहिला.

"आई! बाहेर ये. उघडला!"

लंकाबाई भिंतीला हात लावत ओट्यावर आल्या. पदराने चष्मा पुसला, लावला. बराच वेळ बघत राहिल्या. त्यांना आणायला आत गेलेली संजना मागे दारात उभी होती आणि तिने चौकट घट्ट धरली होती.

"उघडलाय खरा," त्या म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

"मग? सोमवारी जायचं ना?"

"उघडताना नाय दिसला मला."

"तू आत होतीस."

"बरं. मग आता मिटव."

गोरक्ष जागचा हलला नाही.

"मिटव की. उघडला तो मिटंल बी."

तो गाडीत बसला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बटण दाबलं. घूंऽ करत उजवा दिवा आत गेला आणि झाकण बसलं. डावा टक्क उघडा. इतके महिने ज्या डोळ्याने गाडी बघत होती तो मिटला होता आणि जो उघडत नव्हता तोच आता सगळ्यांकडे रोखून बघत होता. गोरक्षने मान खाली घातली.

"मला शेंडी लावतो व्हय रे?"

"आई, मी..."

लंकाबाई पायऱ्या उतरू लागल्या. संजना धावली, पण त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि खांबाला, मग गाडीच्या दाराला धरत पुढे आल्या. डाव्या दिव्यासमोर थांबल्या. काचेवरून तळवा फिरवला, झाकणाच्या कडेवरून बोट नेलं. मग त्यांनी एका हाताने आपला चांगला डोळा झाकला आणि तशाच उभ्या राहिल्या, काहीच न दिसणाऱ्या डोळ्याने गाडीकडे बघत.

"कसा उघडला हा?"

"हाताने," गोरक्ष म्हणाला. "आत घुंडी आहे. फिरवली."

"लय जोर लावला का?"

"नाही. जोर लावून नाही होत. हळूहळूच येतो."

त्यांनी डोळ्यावरचा हात काढला. गोरक्ष शिव्या खायच्या तयारीत होता. संजनाने देवाचं नाव घेतलं असावं, तिचे ओठ हलत होते.

"मग उघडलाच की तो," लंकाबाई म्हणाल्या. "डाक्तरीण काय मोटर लावणार हाय माझ्या डोळ्याला? ती बी हातानंच उघडणार."

संजना पायरीवरच खाली बसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

"पण मी रिक्षात नाय जायची," लंकाबाईंनी बजावलं. "हिच्यात जायचं. पुढं बसून."

"हिला पुढेच आहे फक्त, आई. मागे जागाच नाही."

"मग बरंच हाय."

सोमवारी छत मागे टाकून त्या गाडीत बसल्या. बसवायला गोरक्षला आणि संजनाला दोघांनाही हात लावावा लागला, कारण सीट पाटाएवढी खाली होती. संजना स्कूटरवरून मागोमाग. दिंडोरी रोडला दुकानांतून लोक बाहेर येऊन बघत होते आणि लंकाबाई कोणाकडेच न बघता पदर सांभाळत ताठ बसल्या होत्या. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मात्र त्यांनी गोरक्षचं मनगट धरलं. डॉक्टर तेजस्विनीबाईंनी ते पाहिलं. त्या म्हणाल्या, "आजी, काय करतेय ते मी एकेक सांगत जाईन. चालेल?" मग मनगट सुटलं.

परत निघेपर्यंत ऊन उतरलं होतं. डोळ्यावर पांढरी पट्टी, तिच्यावर काळा चष्मा, आणि चेहऱ्यावर मोठं काही उरकून आल्याचा शांतपणा. उद्या पट्टी निघणार होती, सगळं नीट झालं असं बाईंनी दोनदा सांगितलं होतं. रस्त्यावर दिवे लागू लागले तसं गोरक्षने बटण दाबलं. उजवा वर आला.

डावा त्याच दिवशी घुंडी उलटी फिरवून मिटवला होता, तो लवलासुद्धा नाही. गोरक्षने गाडी कडेला घेतली, उतरला, बॉनेट उचललं आणि काळी टोपी काढली. मागे थांबलेली संजना स्कूटर स्टँडवर लावून मोबाइलचा उजेड धरायला आली. त्याने घुंडी पकडून जोरात पीळ दिला.

"गोरख," गाडीतून आवाज आला. "हळू रे. त्या बाईनं लय हळू केलं माझं."

गोरक्षने बोटं सैल केली, आणि मग घुंडी सावकाश फिरवायला घेतली.