टोपलीची मालकीण

साखरेने माझ्या डाव्या पायाची बोटे काळी पडली होती. डॉक्टर पाय दाबून बघत होता आणि माझ्या मुलाशी, ग्लेनशी, इंग्रजीत बोलत होता. मी मध्ये पलंगावर, बर्फातल्या घोळ माशासारखी. एक शब्द सारखा येत होता, अँप्युटेशन. तो आला की ग्लेन माझ्याकडे बघायचे टाळत होता.

“काय बोलला रे?” मी रिक्षात विचारले.

“काय नाय, आये. सोमवारी जखम साफ करनार.”

साठी उलटल्यावर मी बाराखडी गिरवली, ती कोणी मला फसवू नये म्हणून. मग चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांसाठी आजारपणाच्या इंग्रजीचा वर्ग निघाला, तिथेही बसू लागले. त्या रविवारी आमची शिक्षिका क्रिस्टिना सांगत होती, “फीवर म्हणजे ताप. कफ म्हणजे खोकला. म्हणा सगळे.”

सगळे म्हणाले. मी नाही.

“अँप्युटेशन म्हंजे काय गो?”

तिचा खडू थांबला. “तो शब्द आपल्याला नाहीये, फिलोमिना आन्टी. आपण सोपे सोपे...”

“ताप मी हात लावून सांगते. त्याला इंग्रजी कशाला? ह्यो सांग.”

ती जवळ येऊन बसली. “कापून टाकणं. हात किंवा पाय. कोणाचा, आन्टी?”

मी पाय उचलून बाकावर ठेवला.

सोमवारी इस्पितळात डॉक्टर आला आणि पुन्हा ग्लेनशी इंग्रजी सुरू.

“थांबा,” मी ओरडले. “अँप्युटेशन. माजं!”

“तुना कोनी सांगितलं?” ग्लेन म्हणाला. “आये, तू घाबरली असतीस.”

“मग घाबरले असते! पाय माजा, भीती पन माजी.”

आमच्या पाचूबंदरात मासळीच्या लिलावात मालकीण उभी असल्याशिवाय टोपलीवर बोली लागत नाही. ती चहाला गेली तर मोठमोठे व्यापारी खोळंबतात. माझ्या मेलेल्या माशाला जो मान, तो माझ्या जित्या पायाला नाही?

डॉक्टर स्टूल ओढून बसला. “आजी, काळेपणा वर चढतोय. नुसती बोटं काढून भागणार नाही. पाय ठेवला तर जीव जाईल.”

स्वच्छ मराठी! माझे डोके आणखीच तापले.

“कुठला रे तू?”

“साताऱ्याचा.”

“मग इतके दिवस तोंडात काय धरलं होतंस?”

“तुमचे चिरंजीव म्हणाले, आईला सांगू नका...”

“चिरंजीवाचा पाय हाय ह्यो?”

त्याने स्टूल माझ्या पायाशी सरकवले.

“कुठून कापनार? दाव.”

त्याने गुडघ्याखाली बोट टेकले. मी त्याच्या खिशातले पेन काढून त्याच्या हातात दिले आणि तिथे रेघ मारायला लावली. रेघेखालचा पाय मी बराच वेळ बघितला. होडीतून मासळी उतरवताना याच पायाने चिखल तुडवला होता.

“काप,” मी म्हणाले.

ग्लेनने तोंड भिंतीकडे फिरवले होते.

“हिकडं बघ,” मी म्हणाले. “माज्या पाठीमागं बोली लावलीस ना? आता मालकीन देते हाय, ता उघड्या डोल्यांनी बघ.”