शालूबाईंना दिलेली पत्रिका

आमच्या अप्पाला कुणाचं मन दुखावलेलं चालत नाही. माझ्या लग्नाच्या पत्रिका वाटताना त्यानं शिरोळजवळच्या आमच्या गावातलं एकही घर सोडलं नाही. ज्यांच्याशी बोलणं बंद होतं, त्यांनाही हळदकुंकू लावून पत्रिका गेली. त्याच नादात एक अंगणवाडीच्या शालूबाईंच्या हातात पडली, आणि मी वाचले.

नवरा अमरेशमामा, अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा, सख्खा भाऊ. कर्नाटक सीमेकडच्या आमच्या घरांत ही रीतच आहे. माणूस वाईट नव्हता, पण मला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं. मी रडून बघितलं. परक्याच्या घरी थोडीच चाललीस, म्हणून अव्वानं विषय मिटवला.

माझं पहिलं वजन शालूबाईंनीच केलेलं. अठराला सात महिने कमी आहेत, हे त्यांना रजिस्टर न उघडताच ठाऊक होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दानेश्वरी, तुला पायजे काय हे लगीन?"

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. मी नाही म्हटलं. मुलांसाठी १०९८ नंबर आहे, फुकट लागतो, नाव कुणाला कळत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि आपला फोन पुढं केला. मीच बोलले, गावाचं नाव दोनदा सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक आणि बाल संरक्षणच्या ताई घरी आल्या. अप्पाला कोल्हापूरला बाल कल्याण समितीपुढं जावं लागलं. अठरा पुरी होईपर्यंत पोरीचं लग्न करणार नाही, असं त्यानं लिहून दिलं आणि मांडववाल्याला परत पाठवलं.

फोन शालूबाईंनीच केला, असं सगळं गाव धरून चाललं. त्यांनी तो आळ मुकाट्यानं अंगावर घेतला. अप्पा वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही, डेअरीला दूध घालायलासुद्धा त्यांचं दार टाळून लांबून फिरून जायचा. मी मात्र गप्प बसले, याची लाज अजून वाटते. त्या बाईचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत.

परवा नर्सिंगच्या यादीत माझं नाव लागलं. अप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन थेट शालूबाईंच्या दारात गेला, मी मागोमाग.

"आक्का," तो म्हणाला, "त्या लग्नात मी एकच काम शहाण्यासारखं केलं. तुमास्नी पत्रिका दिली."

आता मला राहवेना. "अप्पा, फोन मी केलता."

त्यानं पुड्याचा दोरा सोडून तो माझ्या हातात दिला.

"बरं केलंस. आधी आक्कांस्नी दे."