बोटाचं प्रेशर

परळच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावरच्या अरुंद खोलीत, नम्रता परब रोज लोकांच्या पायांचं प्रेशर घ्यायची. अकरा वर्षं तेच काम. माणसाला झोपवायचं, दोन्ही दंडांचं प्रेशर घ्यायचं, मग घोट्यावर पट्टा बांधायचा आणि पावलावर जेल लावून पेनासारखं डॉप्लर टेकवायचं. नस सापडली की शूऽ शूऽ असा आवाज येतो. पट्टा फुगवत नेला की तो बंद होतो आणि हवा सोडत आणली की ज्या आकड्याला परत येतो, तो पायाचा आकडा. त्याला हाताच्या आकड्याने भागायचं. उत्तर एकच्या आसपास आलं तर रक्त खाली नीट पोचतंय. निम्म्यावर आलं तर वर कुठेतरी नस तुंबली आहे.

येणारी माणसं बहुतेक एकच गोष्ट सांगायची. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, उभं राहिलं की जातो, परत चाललं की परत येतो. नम्रताला ते वाक्य पुरं व्हायच्या आत कळायचं. ती हातातलं काम न थांबवता "हं" म्हणायची.

गेल्या दिवाळीच्या आधी तिच्या आईने तेच सांगितलं, तेव्हाही ती "हं"च म्हणाली.

आई, लक्ष्मी, अडुसष्ट वर्षांची. वडील गिरणीत होते, ते जाऊन पंधरा वर्षं झाली. माय-लेकी भोईवाड्यातल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. नम्रताने लग्न केलं नव्हतं, धाकटा भाऊ हितेंद्र बायकोबरोबर डोंबिवलीला होता. लक्ष्मी रोज सकाळी लालबागला एका मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडायला जायची. तिला वीस वर्षांपासून डायबेटीस होता आणि गोळ्या ती नेमाने घ्यायची.

"नमू, लालबागाक पोचासर माका दोनदा उभ्या रवाचा लागता गो. पोटऱ्यो धरतत."

"वय झालं आई. सावकाश जात जा."

महिनाभर आई तेच म्हणत राहिली, तेव्हा एका शनिवारी नम्रता म्हणाली, "दुपारी ये माझ्याकडे. बघते."

आई आली ती दीड वाजता. बाहेर बाकावर पाच जण बसले होते. नम्रता सकाळपासून जेवली नव्हती. तिने आईला मधेच आत घेतलं, झोपवलं, पट्टा बांधला. हाताचं प्रेशर एकशे चाळीस. घोट्याचा पट्टा तिने फुगवत नेला. एकशे ऐंशी झाले, आवाज चालूच. एकशे नव्वदलाही चालूच. दोनशेला जाऊन तो कुठे बंद झाला. भागाकार एक पूर्णांक चारच्या वर आला.

आता नम्रताला याचा अर्थ माहीत होता. डायबेटीस जुना असला की नसांच्या भिंतीत चुना साठतो, त्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत. आकडा मोठा दिसतो, पण तो खोटा असतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा लावून बोटाचं प्रेशर घ्यायचं, कारण बोटातल्या नसा सहसा तशा कडक होत नाहीत. छोटा पट्टा समोरच्या कपाटात होता. आईचा पाय आधी गरम करावा लागला असता, वीस मिनिटं गेली असती.

तिने आईच्या पायावरचं जेल पुसलं.

"काय आला?"

"चांगलंय. माझ्यापेक्षा बरे आहेत तुझे पाय."

आई खूश झाली. संध्याकाळी तिने मजल्यावरच्या सगळ्यांना सांगितलं, नमूने मशीन लावून बघितलं, पाय एकदम चांगले. त्यानंतर ती कधी पोटरीचं बोलली नाही. दुखत असणारच, पण मशीनने चांगलं म्हटल्यावर ते दुखणं मनाचंच, असं तिने धरलं.

डिसेंबरात हितेंद्रच्या मेव्हणीचं लग्न होतं. आईने दादरला नव्या चपला घेतल्या. उजव्या पायाच्या करंगळीला त्या चावल्या. आईला ते कळलंच नाही, तिच्या पायांना तेवढी जाण राहिली नव्हती. कळलं तेव्हा तिने हळद दाबली आणि वर फडकं बांधलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी नम्रताला घरात वास आला. तिने मोरीत बघितलं, केराचा डबा बघितला. मग आईच्या पायावरचं फडकं सोडलं. करंगळी काळी पडली होती आणि शेजारच्या बोटाचा रंग बदलायला लागला होता.

नम्रताने असे पाय शेकड्यांनी बघितले होते. तिने फडकं परत गुंडाळलं, आईला दुसरी साडी नेसवली आणि खाली जाऊन टॅक्सी आणली. काही वाटायला हवं होतं. हात मात्र नेहमीसारखे चालत होते.

त्या दिवशी मोजणी तिच्या जोडीची टेक्निशियन अपेक्षा हिने केली. तिने घोट्याचा आकडा घेतला आणि काही न बोलता सरळ कपाटातला छोटा पट्टा काढला. बोटाचं प्रेशर सव्वीस आलं. तीसच्या खाली आलं की जखम आपोआप भरत नाही.

डॉक्टरांनी पाय बघितला, कागद बघितला.

"आजी, ही टेस्ट आधी कधी केली होती?"

"केल्ली ना," आई म्हणाली. तिच्या आवाजात कौतुक होतं. "ह्या माझ्या चेडवानच केल्यान. बरी इल्ली."

डॉक्टरांनी नम्रताकडे बघितलं.

"नोव्हेंबरात," नम्रता म्हणाली. "एक पूर्णांक चारच्या वर आलं होतं, सर. मी बोटाचं घेतलं नाही."

"केसपेपर?"

"काढला नव्हता. अशीच बघितली होती."

डॉक्टरांनी मान हलवली आणि अ‍ॅडमिशनचा कागद लिहायला घेतला. ते ओरडले असते तर बरं, असं नम्रताच्या मनात आलं आणि गेलं.

रात्रपाळीच्या नर्सेस यायच्या सुमारास आई कॉटवर उठून बसली.

"तेव्हाच कळला असता?"

"हो."

"आणि तू बघलंस नाय."

"नाही बघितलं."

"कित्याक?"

नम्रताला दुसरी उत्तरं सुचत होती. गर्दी असते, मशीनवर लोड असतो, आईचा पाय थंड होता. ती म्हणाली, "बाहेर पाच जण बसले होते. आणि मला जेवायचं होतं."

आई भिंतीकडे तोंड करून झोपली.

अँजिओप्लास्टी झाली. गुडघ्याखालच्या तीन नसांपैकी एकच उघडली, तीही दहा दिवसांत परत बुजली. आधी दोन बोटं काढली. जखम वर चढत गेली. फेब्रुवारीच्या शेवटी गुडघ्याच्या खाली पाय काढावा लागला.

संमतीच्या कागदावर सही करायला हितेंद्र आला. जिन्यात त्याने नम्रताला थांबवलं.

"ताई, कुणीतरी आधी टेस्ट केलेली म्हणे. नॉर्मल सांगितलेलं. कोण होता तो? मी सोडणार नाही त्याला. कम्प्लेंट टाकतो."

"मी होते."

"काय?"

"टेस्ट मी केली होती, हितू."

"तू मस्करी करतेयस का?"

"नाही."

तो दोन पायऱ्या खाली उतरला, परत वर आला. "अगं पण तू तर रोज हेच करतेस ना?"

"रोज."

त्याने खिशातून पेन काढलं आणि वॉर्डात जाऊन सही केली.

कम्प्लेंट त्याने केली नाही. नम्रताने स्वतःच डिपार्टमेंटच्या प्रमुखांना सगळं लिहून दिलं. त्यांनी ते वाचून ठेवून घेतलं. केसपेपरशिवाय कुणाचीही मोजणी करायची नाही, घरच्यांची तर नाहीच, अशी ताकीद मिळाली. कामावरून काढलं नाही. ती सोमवारी कामावर गेली. पट्टे बांधले, आवाज ऐकले, आकडे लिहिले. एका बाईने सांगितलं, चालताना पोटरीत गोळा येतो. नम्रता थांबली आणि म्हणाली, "पुढे सांगा." बाई बोलत राहिली. नम्रताने शेवटपर्यंत ऐकलं. आपण काय ऐकलं ते तिला नंतर आठवेना.

डायबेटीसच्या प्रत्येक पेशंटचं ती आता बोटाचं प्रेशरही घ्यायची. रांग लांबायची. अपेक्षा एकदा म्हणाली, "अगं, ज्याला गरज आहे त्याचंच घे ना, चार वाजले." नम्रताने पुढच्या माणसाला आत बोलावलं.

डिस्चार्ज मिळाल्यावर आई हितेंद्रकडे जाणार हे आपोआप ठरलं. त्याच्या बिल्डिंगला लिफ्ट होती. निघताना आईने नम्रताला गोळ्यांची पिशवी कुठे आहे ते विचारलं, दुसरं काही नाही. हॉस्पिटलातल्या सगळ्या दिवसांत दोघींमध्ये एवढंच बोलणं उरलं होतं. पाणी दे. खिडकी लाव. नर्सला बोलाव.

चाळीत शेजारणी विचारायच्या, आई कशी आहे? नम्रता सांगायची, बरी आहे. रविवारी ती डोंबिवलीला जायची. आई टीव्हीसमोर बसलेली असायची. नम्रता तासभर शेजारी बसायची, हितेंद्रच्या मुलाला खाऊ द्यायची आणि परत यायची. रडू एकदाही आलं नाही. आपल्यात काहीतरी बिघडलंय असं तिला वाटायचं, पण त्याचीही भीती वाटत नव्हती.

मे महिन्यात आईला कृत्रिम पाय बसवला. हितेंद्रने व्हिडिओ पाठवला. आई वॉकर धरून हॉलमधून किचनपर्यंत चालत होती आणि सून तिला सावरायला हात पुढे करून मागून येत होती. नम्रताने तो दुपारी डब्यासमोर बसून बघितला आणि फोन उपडा ठेवला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आईचा फोन आला. स्वतःहून पहिल्यांदाच.

"नमू, येवन माका घेवन जा."

"काय झालं? हितू काही बोलला का?"

"कोण काय बोलाक नाय. सून बरी हा. पण हय माका करमना नाय. दिसभर दार बंद."

नम्रता म्हणाली, "आई, राग गेला तुझा?"

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता.

"राग गेलो नाय," आई म्हणाली. "तो खय जातलो? पण म्हणान मी हयच रवू काय?"

रविवारी नम्रताने गाडी केली. चाळीच्या दाराशी उतरल्यावर आईने वर बघितलं. तीन मजले, लाकडी जिना, मधल्या दोन पायऱ्या झिजलेल्या. मजल्यावरचा एक जण म्हणाला, खुर्चीत बसवून उचलून नेऊ. आईने हात झटकला. "उचलून न्हेवचा तेव्हा न्हेशात."

तिने एका हाताने कठडा धरला, दुसरा हात नम्रताच्या खांद्यावर टाकला. चांगला पाय वर, मग दुसरा. पहिल्या मजल्यावर ती दम खायला थांबली. दुसऱ्या मजल्याच्या आधी तिचा तोल गेला आणि तिने नम्रताचा खांदा इतका जोरात पकडला की नखं रुतली.

"दुखला?" आईने विचारलं.

नम्रता हो म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. ती तिथेच पायरीवर बसली, आईला पायाशी घट्ट धरून, आणि तोंड तिच्या साडीत खुपसून मोठ्याने रडायला लागली. वरच्या कठड्यावरून कुणीतरी वाकून बघितलं आणि मागे झालं.

आई उभीच राहिली. तिने नम्रताच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, गप्प हो असंही म्हटलं नाही. एका हाताने कठडा धरून ती रडणं संपायची वाट बघत राहिली.

"झाला?" थोड्या वेळाने ती म्हणाली. "ऊठ. माका बसाक व्हया."

नम्रता उठली. उरलेला जिना चढायला त्यांना वीस मिनिटं लागली.