बॉनेटवरची पाच बोटं

आर्जवने हातातला दिवा बॉनेटला चिकटवून आडवा धरला, तसं पांढऱ्या रंगावर ओरखड्यांचं जाळं उमटलं.

"ताई, कशानं घासलंय हे?"

क्रांतीने दाराकडे पाहिलं. तिची सासू मनुबाई दुकानाच्या दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत पदर सावरून बसली होती. तिने तोंड रस्त्याकडे फिरवलं. द्राक्षांचे क्रेट भरलेला एक ट्रॅक्टर तासगावच्या बाजूला चालला होता आणि जगात बघण्यासारखं तेवढंच उरलंय अशा नजरेने ती तो बघत राहिली.

"सांगावं लागंल ताई. काय खाल्लं ते डॉक्टरला सांगितल्याबिगर औषध कसं देनार?"

"भांड्याच्या घासणीनं," क्रांती म्हणाली. "हिरव्या."

"वाटलंच. गोल गोल फिरलाय हात. पातेलं घासल्यागत."

आर्जवचं हे दुकान गाड्या धुऊन, घासून-पुसून नव्यासारख्या करून देण्याचं. चार वर्षांत त्याने गाड्यांवर काय काय फिरलेलं पाहिलं होतं: काथ्या, विटेची पूड, एकाने तर चिंच. नव्या गाडीवर माणसाचा जीव असतो आणि जीव असला की हात जास्त जोरात चालतो, असं त्याचं मत होतं.

त्याने दिवा थोडा सरकवला आणि थांबला.

"पर हितला पट्टा येगळा हाय. हितं ओरखडा न्हाई, नुसती चमक गेलीय. ही गाडी दोनदा घासलीय. दोन येगळ्या वस्तूंनी."

"तो पट्टा मी केला," क्रांती म्हणाली.

मनुबाईची मान रस्त्यावरून वळली.

क्रांतीने पर्समधून पांढऱ्या स्पंजची वडी काढून दिली. फोनवर कुणीतरी दाखवलं होतं, कसलाही डाग निघतो म्हणून. पावासारखी मऊ लागली, म्हणून एका दुपारी घरात कुणी नसताना तिने ती फिरवली. सासूच्या घासणीचे ओरखडे जावेत एवढंच तिला हवं होतं. ओरखडे तिथेच राहिले आणि वर मेणचट पांढरेपणा आला.

"मऊ लागतो, हीच ह्येची लबाडी," आर्जव म्हणाला. "बारीक पॉलिश पेपरच समजा ह्यो. रंगावर न्हाई चालवायचा, काचंगत चमकणाऱ्या काळ्या प्लास्टिकवर न्हाई, स्क्रीनवर तर अजिबात न्हाई. खडबडीत प्लास्टिकवर चालतो. त्येबी वला करून, आदी कोपऱ्यात बघून, आन् दाब न देता."

त्याने वडी बादलीत भिजवून तिच्या हातात परत दिली. क्रांती ऐकत होती. हल्ली तिला सगळं असंच ऐकू यायचं, स्पष्ट आणि लांबून.

गाडी दसऱ्याला घेतली होती. तिचा नवरा जयराज सैन्यात होता, बारा दिवसांची सुट्टी काढून आला होता. त्याने नारळ फोडला आणि क्रांतीने तेलात कालवलेल्या कुंकवात बोटं बुडवून बॉनेटवर पाच रेघा ओढल्या. बेदाण्याच्या शेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याने तिला गाडी शिकवली. जाताना म्हणाला, "ती बोटं पुसू नगंस. पुढच्या सुट्टीला आलो की मी धुतो." कुंकू उन्हात तापत राहिलं, रंगात मुरत राहिलं. एकविसाव्या दिवशी फोन आला. जयराज ड्यूटीवरून येऊन झोपला होता, तो उठलाच नाही.

दहाव्याच्या दिवशी उजाडता उजाडता तिने खिडकीतून पाहिलं. सासू अंगणात वाकून, दोन्ही हातांनी जोर लावून बॉनेट घासत होती आणि पांढऱ्या पत्र्यावरून तांबडं पाणी ओघळत होतं. नवरा जाऊन दहा दिवस होतात न होतात तोच या बाईने गाडीचंसुद्धा कुंकू पुसलं. राग यायला हवा होता. आला नाही. त्यानंतर तिला काहीच आलं नाही, रडूही नाही.

तेव्हापासून दोघींचं बोलणं मीठ-पिठापुरतं आणि आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, जेवणापुरतं उरलं होतं.

भावकीला मात्र वाचा फुटली होती. मनुबाईची जाऊ रंगूबाई तर दर दोन दिवसांनी यायची. पोरीला मेढ्याला माहेरी धाडा, गाडी इकून मोकळं व्हा, असं बजावून चहा पिऊन जायची. मनुबाई हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. क्रांतीने त्या गप्प राहण्याचा अर्थ कधीच लावून टाकला होता.

आणि आता सोमवारपासून सांगलीतल्या एका शाळेत क्रांतीची कारकुनाची नोकरी सुरू होणार होती. शाळा साडेसातला भरायची आणि गावातून पहिली एसटी नऊला. गाडी चालवली तर नोकरी, नाहीतर मेढा. दोनदा ती स्टिअरिंगमागे जाऊन बसली होती. उन्हात समोरच्या बॉनेटवर पाच खरबरीत पट्टे दिसायचे, पाच बोटांच्या जागी पाच. हात किल्लीवरून परत यायचा. आजसुद्धा गाडी शेजारच्या पोराने आणून लावली होती, आणि कुठे निघालीस एवढं क्रांतीला विचारून मनुबाई मागच्या सीटवर येऊन बसली होती. मागची सीट तिची ठरलेली.

आर्जवने रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर बॉनेटवर ठिकठिकाणी टेकवून पाहिलं.

"वरचा थर शाबूत हाय. पॉलिशनं निघंल. फकस्त ह्यो मधला ओरखडा खोल गेलाय. त्यो समदा काढाया गेलो तर खालचा रंग उघडा पडंल. म्हंजी बारीक रेघ राहील."

"तिथलं निघंना," दारातून आवाज आला. "लय दाबलं म्या."

आर्जव वळला. "कशापायी पर एवढं, मावशी? भिजवून ठिवलं असतं तर—"

"येळ कुठं हुता." मनुबाई खुर्चीच्या हातावरचा नसलेला डाग अंगठ्याने घासत होती. "आदल्या सांजंला रंगू म्हनली, उद्या समद्या बायका जमल्या की गाडीवरचं कुंकू हिच्याच हातनं पुसून घ्यायचं. समद्यांदेखत. तशी रीत हाय म्हनं. गाडीला कसली आलीय रीत? पर भावकीतल्या त्या चौघी मिळून आल्या की माजं कोन ऐकतंय. म्हनलं, बायका यायच्या आत आपुनच उरकावं. पुसायला काय उरलंच न्हाई, तर हिला काय सांगत्याल?"

दुकानात पाण्याची मोटर घरघरत होती. क्रांतीच्या हातात स्पंजची ओली वडी होती. तिची मूठ कधी आवळली ते तिला कळलं नाही. पाणी निथळून तिच्या चपलेवर पडलं.

"आत्या," ती म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची, पण बऱ्याच दिवसांत म्हणाली नव्हती. "मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं त्यात? तू काय इचारलंस?"

ते खरं होतं.

आर्जवने मशीन सुरू केलं. फोमची चकती बॉनेटवर हळू सरकू लागली. नुसतं बसणं मनुबाईच्या रक्तात नव्हतं. थोड्या वेळाने ती उठली, तेव्हा आर्जवने तिला दाराखालची खडबडीत काळी पट्टी दाखवली. चढता-उतरता बुटांनी तिच्यावर राखाडी फराटे पडले होते.

"ह्ये करा मावशी. स्पंजची जागा हीच."

मनुबाई खाली बसली. क्रांतीकडून वडी घेऊन तिने ती पाण्यात बुडवून पिळली आणि सवयीने खसाखसा घासायला लागली.

"आवं मावशी, पातेलं न्हवं त्ये," आर्जव मशीनवरून ओरडला. "हलक्या हातानं. पोराचं तोंड पुसल्यागत."

मनुबाईचा हात थांबला. गाडी कुणाची होती, ते आर्जवला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं लक्ष पुन्हा बॉनेटकडे गेलं होतं.

क्रांती सासूच्या पाठीकडे बघत होती. पाठ बराच वेळ हलली नाही. मग मनुबाईने वडी पुन्हा पाण्यात बुडवली, पिळली आणि एका फराट्यावर टेकवली. कडेने, वरून खाली, जराही न दाबता. फराटा गेला. ती पुढच्याकडे वळली. ती बोटं इतकी हलकी चालू शकतात, हे क्रांतीने कधी पाहिलं नव्हतं. ती शेजारी उकिडवी बसली आणि कोरड्या फडक्याने मागोमाग पुसत गेली. दोघींनी चारही दारं केली.

दुपारी आर्जवने गाडी उन्हात काढली. बॉनेट दुधासारखं स्वच्छ दिसत होतं. मधोमध, एका बाजूने पाहिलं तरच, केसाएवढी रेघ होती.

मनुबाईने ती शोधून काढली, वरून हात फिरवला. मग कमरेची पिशवी सोडून आतून कुंकवाची छोटी डबी काढली आणि आर्जवला विचारलं,

"हितं कुंकू लावलं, तर परत डाग पडंल का रं?"

आर्जवने घाम पुसला. "तेलात न्हाई कालवायचं. आन् दिवसच्या दिवस वल्या फडक्यानं टिपायचं. मग न्हाई पडत."

"टिपायचं. घासायचं न्हाई."

"घासायचं न्हाई."

मनुबाईने डबी क्रांतीच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं त्यावर मिटवली.

"सोमवारी निघायच्या आदी वढ बोटं. सांजंला आलीस की मी टिपीन."

क्रांतीने मान हलवली. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांना पाणी आलं. एका हातात फडकं, दुसऱ्यात डबी; ते पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

मनुबाई तोवर गाडीच्या पलीकडून फिरून गेली होती. मागचं दार ओलांडून तिने पुढचं उघडलं, बेताने आत बसली आणि पदर आत ओढून घेतला.

"चल," ती म्हणाली. "आबा जेवायचं थांबलं असत्याल."

क्रांतीने किल्ली लावली.